पाणी पेरणारं गाव

कापिलेइरा हे नाव ऐकलं की खुद्द स्पॅनिश माणूसही जरा थबकतो. शब्दाच्या शेवटी असा ‘एइरा’ येतो तो वायव्येकडच्या गालिसिया प्रांतात, पावसाळी हिरव्या मुलखात. हे गाव तर पार दक्षिणेला, आंदालुसियात, ग्रानादा शहराच्या पाठीमागच्या डोंगरात आहे. शेजारचं गाव पाम्पानेइरा, खाली वाहणारी नदी पोकेइरा. मग गाइड लोक एक गोष्ट सांगतात: मुसलमानांना हाकलल्यावर राजाने ओस गावांत गालिसियातून माणसं आणून बसवली आणि त्यांनी आपल्याकडची नावं इथे लावली. गोष्ट चपखल बसते, पण चुकीची आहे. ही नावं त्या वसाहतीच्या आधीच्या कागदांतही सापडतात. अरबांच्या अमलाआधीपासून इथे लॅटिनमधून निघालेली एक बोली बोलली जायची, तिचे हे अवशेष असं भाषेचे अभ्यासक मानतात.

अर्थात गोष्टीचा अर्धा भाग खरा आहे. सोळाव्या शतकात या गावातली जवळजवळ सगळी माणसं खरोखरच बदलली. जुनी नेली, नवी आणली. तरीही घरं त्याच पद्धतीने बांधली जात राहिली, शेतं त्याच पायऱ्यांवर राहिली, पाणी त्याच पाटांतून वाहत राहिलं. हे कसं घडलं ते समजायला राजेरजवाड्यांच्या आधी पाण्याकडे वळावं लागतं.

सिएरा नेवादा या नावाचा अर्थच बर्फाळ डोंगररांग. तिचं सर्वांत उंच शिखर मुलासेन, ३,४७९ मीटर. स्पेन आणि पोर्तुगाल मिळून जो द्वीपकल्प होतो त्यातलं हे सर्वोच्च टोक. नाव पडलं ग्रानादाच्या शेवटून दुसऱ्या सुलतानावरून, मुलाय हसनवरून. त्याला शिखरावरच पुरलं अशी दंतकथा आहे. या रांगेच्या दक्षिण उताराला आल्पुहारा म्हणतात, आणि या उतारावरच्या पोकेइरा नदीच्या खोल घळीत तीन गावं एकावर एक रचल्यासारखी आहेत. खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन, वर कापिलेइरा. कापिलेइराची उंची १,४३६ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटएवढी. वस्ती जेमतेम पाच-साडेपाचशे. दक्षिणेला भूमध्य समुद्र इतका जवळ की हवा स्वच्छ असेल तर मुलासेनवरून पलीकडची आफ्रिका दिसते.

आता अडचण अशी. भूमध्य समुद्राकाठचं हवामान आपल्या नेमकं उलटं आहे. तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो. जून ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पिकांना तहान लागते ती तेव्हाच. हिवाळ्यात वर बर्फ साठतं. ते धरण समजा, पण त्या धरणाला दरवाजे नाहीत. वसंतात ऊन तापलं की बर्फ भराभर वितळतं, नदी दोन-अडीच महिने दुथडी वाहते आणि ऑगस्टमध्ये मका-शेंगांना पाणी हवं तेव्हा धार रोडावलेली असते. त्यात घळ एवढी तीव्र उताराची की वाहून जाणारं पाणी थांबवायला सपाटीही नाही.

यावर त्या लोकांनी काढलेली युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यांनी नदीच्या उगमाजवळ, गावांच्या किती तरी वर, डोंगराच्या कडेकडेने मातीचे पाट खणले. तिथे पाटाला असेकिया म्हणतात. शब्द अरबी ‘अस-साकिया’वरून आला, पाणी पाजणं या अर्थाच्या धातूवरून. गझलेतला प्याला भरणारा साकी याच धातूतून आलेला, म्हणजे हा पाट त्याचा भाऊबंदच. असेकिया दोन प्रकारच्या. एक साधी: नदीतून निघते आणि शेतात जाते. दुसरी मात्र शेतात जातच नाही. वसंतातलं बर्फाचं पाणी ती डोंगराच्या अशा भागात नेते, जिथे खडक भेगाळलेला, कुजून भुसभुशीत झालेला असतो, आणि तिथे सोडून देते. पाणी जमिनीत गडप होतं. बघणाऱ्याला वाटावं, एवढी मेहनत करून पाणी वाया का घालवलं?

ते वाया जात नाही. इथला खडक अभ्रकमिश्रित, पापुद्र्यांचा. खोलवर तो घट्ट आहे, पाणी आत शिरू देत नाही; पण वरच्या झिजलेल्या थरातून आणि फटींतून पाणी हळूहळू, अगदी रमतगमत उताराने खाली सरकतं. नदीतून जे पाणी काही तासांत समुद्राच्या दिशेने निघून गेलं असतं, ते या वाटेने आठवडे, कधी महिने घेतं आणि गावाच्या आसपासच्या झऱ्यांतून ऐन उन्हाळ्यात वर येतं. मे महिन्यातलं पाणी ऑगस्टमध्ये मिळतं. या पाटांना तिथे ‘असेकिया दे कारेओ’ म्हणतात आणि या कामाला पाणी पेरणं. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवून झाली; इथे अडवायचा भाग जवळपास नाहीच, सगळा भर जिरवण्यावर. हे तंत्र निदान अकराव्या-तेराव्या शतकांपासूनचं, अरबी अमलातलं आहे असं संशोधक सांगतात. कोणता झरा कोणत्या पाटामुळे वाहतो हे गावकऱ्यांना नकाशाशिवाय ठाऊक असे. इतक्या वर्षांत कुणी ना कुणी पाट बंद ठेवून पाहिलाच असणार, झरा आटला असणार, आणि खालच्या वाडीतली माणसं भांडायला वर आली असणार. (हा माझा तर्क. पण पाण्याचं शहाणपण बहुधा भांडणांतूनच आलेलं असतं.)

झऱ्यातून वर आलेलं पाणी पुन्हा साध्या पाटात शिरतं आणि ताली-ताली, म्हणजे शेतांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी, उतरत शेतांना मिळतं. रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून हौद असतात. त्यांना अल्बेर्का म्हणतात, शब्द पुन्हा अरबीच. वाटप पाळीने, तासांच्या हिशेबाने. कुणाचं दारं किती वाजता फोडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरलेलं. पाट राखणाऱ्या माणसाला असेकिएरो म्हणतात, म्हणजे आपला पाटकरी. वसंतात वर जाऊन दगड-गाळ काढायचा, फुटलेली कड गवताच्या ढेकळांनी बुजवायची, उंदीर-घुशींची बिळं शोधायची, ही कामं त्याची. त्याचा पगार आणि पाटाची दुरुस्ती भागवते पाणी घेणाऱ्यांची मंडळी, ‘कोमुनिदाद दे रेगान्तेस’. या कोमुनिदादला आजच्या स्पॅनिश कायद्यातही स्थान आहे.

पाट मातीचा असल्यामुळे गळतो. गळलेल्या ओलीवर त्याच्या कडेने चेस्टनटची आणि अक्रोडाची प्रचंड झाडं वाढली आहेत. उन्हाळ्यात समोरच्या उतारावरून पाहिलं तर करड्या डोंगरावर हिरव्या रेघा दिसतात. ती रेघ म्हणजे पाट. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनिअर लोकांनी हिशेब केला की एवढी गळती म्हणजे नुकसान. काही पाट सिमेंटचे झाले, काहींचं पाणी नळात गेलं. गळती थांबली तशी कडेची झाडं वाळायला लागली आणि खालच्या झऱ्यांची धार बारीक झाली. कागदावर कार्यक्षमता वाढली होती. शेतापुरतं पाहिलं तर इंजिनिअरांचा हिशेब बरोबरही होता. पण हा पाट कधी एकट्या शेतासाठी खणलेलाच नव्हता.

घरांचंही असंच. कापिलेइराचे फोटो पाहिले की पांढरीशुभ्र, चौकोनी, एकमेकांना चिकटलेली, सपाट डोक्याची घरं दिसतात. एकाचं छत हे वरच्या घराचं अंगण. उत्तर आफ्रिकेतल्या डोंगरी खेड्यांशी साम्य डोळ्यांत भरतं. मराठी वाचकाला मात्र आफ्रिकेपर्यंत जायला नको. सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद आठवलं तरी रचना समजते. जाड दगडी भिंती, त्यावर चेस्टनटच्या तुळया, तुळयांवर पाटीच्या दगडाच्या लाद्या, आणि सर्वांत वर लाउना. लाउना म्हणजे पापुद्र्यांचा खडक कुजून झालेली निळसर-करडी, चिकणी माती. पाणी लागलं की ती फुगते, बारीक फटी आपोआप बुजतात आणि थेंब आत येत नाही. लाउना पसरायची ती चंद्र उतरणीला असताना, म्हणजे कृष्णपक्षात, असा जुना पायंडा आहे. चंद्राचा आणि मातीचा काय संबंध, हे मला कुणी सांगितलेलं पटलेलं नाही. पण पायंडा आहे खरा. बर्फ पडलं की छतावरून फावड्याने ढकलायचं, कारण साचलेल्या ओल्या बर्फाचं वजन तुळयांना झेपत नाही.

काही ठिकाणी घराचा वरचा मजला गल्लीवर आलेला असतो आणि गल्ली त्याखालून जाते. या छत असलेल्या तुकड्याला तिनाओ म्हणतात. खाली जनावरं-माणसं पावसात उभी राहू शकतात, वर घराला एक खोली जास्त मिळते. उतारावर सपाट जागा सोन्याच्या भावाची असल्यावर असंच सुचतं. धुराड्यांच्या डोक्यावर दगडी टोपी असते. एक सवय मात्र मोडायला हवी. पांढरा रंग पाहून लोक लगेच ‘मूरांचं शुभ्र गाव’ म्हणतात; मूर म्हणजे स्पेनमधले तेव्हाचे मुसलमान. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत या भागातली बरीच घरं चुना न दिलेली, डोंगराच्याच रंगाची, करडी-मातकट होती. ही शुभ्रता बरीचशी अलीकडची.

आता माणसांकडे येऊ. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल, त्या मुलाय हसनचाच मुलगा, इसाबेल आणि फेर्नांदो या राजा-राणीला शरण आला. करारात मुसलमानांना त्यांचा धर्म, कायदा, मशिदी राखू देण्याचं वचन होतं. बोआब्दिलला आल्पुहाराची जहागिरी मिळाली. दोन वर्षांच्या आतच तो ती सोडून मोरोक्कोतल्या फेझला निघून गेला. वचन सात-आठ वर्षं टिकलं. १४९९ मध्ये पुढे कार्डिनल झालेल्या आर्चबिशप सिस्नेरोसने ग्रानादात सक्तीने बाप्तिस्मे सुरू केले, उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि उठाव केलात म्हणून करार मोडला असं ठरवून सगळ्यांना ख्रिस्ती केलं गेलं. या बाटलेल्या लोकांना मोरिस्को म्हणत. कागदावर ख्रिस्ती; घरात अरबी बोलणारे, हम्मामात न्हाणारे. आल्पुहारात त्यांचा पैसा रेशमाचा होता. तुतीची झाडं, घरोघरी किडे, आणि ग्रानादाच्या रेशीमबाजारापर्यंत माल. कर वाढत गेले तसा तो धंदा आणि लोक दोघेही पिचत गेले.

१ जानेवारी १५६७ ला स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचं फर्मान जाहीर झालं. अरबी बोलणं-लिहिणं बंद, पोशाख बंद, नाचगाणं बंद, हम्माम बंद. तीन वर्षांत सगळ्यांनी कास्तिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती भाषा, शिकायची. फ्रान्सिस्को नून्येस मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने याविरुद्ध अर्ज केला. त्याचा मुद्दा साधा होता: पोशाख आणि भाषा ही मुलखाची रीत आहे, धर्म नव्हे; पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबीच बोलतात. कुणी ऐकलं नाही. इथे गोव्याची आठवण येणं अपरिहार्य आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात कोकणी बंद करून पोर्तुगीज शिकायला लोकांना मुदत दिली, तीही तीन वर्षांचीच. आणि ज्याने आल्पुहारात अरबी बंद केली तो फिलिप १५८० पासून पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्याचाही. दोन्हीकडे तीनच वर्षं का, कोण जाणे. हुकूम काढणाऱ्यांना भाषा शिकणं सोपं वाटत असावं.

१५६८ च्या नाताळात आल्पुहारात भडका उडाला. वालोर गावच्या एका तरुण मोरिस्को सरदाराला बंडखोरांनी अबेन उमेया नावाने राजा केलं. अनेक गावांत चर्च जाळली गेली, पाद्री मारले गेले. उलट बाजूने कत्तल, लूट आणि गुलामांचा बाजार. जानेवारी १५६९ मध्ये राजाच्या बाजूने मोंदेहारचा मार्किस या उमरावाची फौज ताब्लातेच्या दरीवरचा पूल ओलांडून आत आली आणि लवकरच पोकेइराच्या घळीत पोचली. ही घळ अवघड म्हणूनच लोकांनी बायकापोरं आणि चीजवस्तू इथे आणून ठेवली होती. पुढे राजाचा सावत्र भाऊ दोन हुआन दे आउस्त्रिया याच्याकडे मोहीम गेली. अबेन उमेयाला त्याच्याच लोकांनी ऑक्टोबर १५६९ मध्ये गळा आवळून मारलं; त्याच्या जागी आलेला अबेन आबू १५७१ मध्ये मारला गेला. तोवर ग्रानादा राज्यातले सुमारे ऐंशी हजार मोरिस्को बायकामुलांसह, थंडी-पावसात चालवत मध्य स्पेनमधल्या कास्तिलियात विखुरले गेले होते. किती तरी वाटेतच मेले. उरलेल्या वंशजांना १६०९ नंतर स्पेनमधूनच काढलं.

डोंगर ओस पडला. राजाने मोरिस्कोंची जमीन-घरं जप्त केली आणि १५७१ पासून बाहेरची माणसं आणायला सुरुवात केली. आंदालुसियाच्या इतर भागांतून, कास्तिलियातून, लेओनमधून, आणि हो, गालिसियातूनही. सगळ्या ग्रानादा राज्यात मिळून साडेबारा हजारांच्या आसपास कुटुंबं आली. घराला वर्षाला एक रेआल (तिथलं नाणं) आणि पिकातला वाटा, अशा बोलीवर. जमिनीचे वाटे पाडून चिठ्ठ्या टाकल्या. वाट्याला शब्द होता ‘सुएर्ते’. स्पॅनिशमध्ये नशिबालाही सुएर्तेच म्हणतात.

आलेल्यांपैकी बहुतेकांना असली उभी शेती आणि असलं पाणी माहीत नव्हतं. त्यांना ते शिकवायला प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली, असं आजही आल्पुहारात सांगतात. प्रत्येक गावात नेमकी दोनच हा आकडा मला लोककथेतला वाटतो. पण जमिनीच्या मोजणीवेळी बांध कुठे, झाडं कुणाची, पाट कुठून येतो, पाळी कुणाची हे दाखवायला जुने जाणकार उभे केले गेले, हे खरं. त्यांनी सांगितलं ते नोंदवह्यांत उतरवलं गेलं. या वह्यांना ‘लिब्रोस दे आपेओ’ म्हणतात. पाण्याच्या बाबतीत त्यांतला एकूण सूर असा, की मोरिस्कोंच्या वेळी चालायचं तसंच पुढे चालावं. जी भाषा बोलायची बंदी घातली होती, त्या भाषेतल्या शब्दांशिवाय नव्या शेतकऱ्यांना शेताला पाणी देता येईना: असेकिया, अल्बेर्का. गावच्या प्रमुखाचं नावही अल्काल्दे. तो आपला ‘काझी’च, अल-काझी.

रेशीम मात्र टिकलं नाही, ते काम घराघरांतल्या सवयीचं होतं. पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षं राई, मका, बटाटे, चेस्टनट, डुकरं आणि गरिबी यांत गेली. शेजारच्या त्रेवेलेसचं थंड हवेत सुकवलेलं डुकराचं मांस राणी दुसऱ्या इसाबेलला आवडलं आणि १८६२ मध्ये त्याला तिची मोहोर मिळाली, ही त्या काळातली ठळक आनंदवार्ता. विसाव्या शतकात यादवी युद्ध झालं, मग १९५० नंतर तरुण मंडळी बार्सिलोनाला, फ्रान्सला, जर्मनीला निघून गेली. ताली पडीक झाल्या, वरचे पाट बुजत चालले. या गळतीबद्दल कुणी हिशेब मांडला नाही.

मग उलट वाटेने माणसं आली. शहरातून कंटाळून आलेले चित्रकार, हिप्पी, जर्मन, इंग्रज. १९८० मध्ये पोकेइरा घळीच्या पलीकडच्या उतारावर तिबेटी बौद्धांचं साधनाकेंद्र निघालं. १९८२ मध्ये दलाई लामा तिथे आले आणि त्यांनी त्याला ‘ओसेल लिंग’, स्वच्छ प्रकाशाची जागा, हे नाव दिलं. केंद्र स्थापणाऱ्या लामा येशेंचा पुनर्जन्म म्हणून ओळखलं गेलेलं मूल बुबिओनच्याच एका स्पॅनिश कुटुंबातलं, १९८५ मध्ये जन्मलेलं. त्याला शिक्षणासाठी कर्नाटकातल्या सेरा मठात पाठवलं गेलं. मोठेपणी त्याने तो मार्ग सोडला.

१९८२ मध्येच या तीन गावांना सरकारी वारसा-संरक्षण मिळालं, १९९९ मध्ये वरचा डोंगर राष्ट्रीय उद्यान झाला, आणि कापिलेइरातून शिखराजवळून पलीकडे जाणारा रस्ता खासगी गाड्यांना बंद झाला. आज गाव मुख्यतः पर्यटकांवर चालतं. चिंध्यांचे विणलेले गालिचे दारोदार टांगलेले, खानावळीत बटाटे-अंडं-सॉसेज यांचं भरगच्च ताट. पाम्पानेइरात एक झरा आहे. त्याचं पाणी लग्नाच्या इच्छेने प्यायलं की जोडीदार मिळतो म्हणे. फोटो काढायला तिथे गर्दी असते. त्या झऱ्याला पाणी येतं कुठून, हे विचारणारे कमी.

विचारणारे हल्ली थोडे वाढले आहेत. २०१४ मध्ये जवळच्या कान्यार गावात ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्व अभ्यासक, स्वयंसेवक आणि गावचे शेतकरी मिळून बार्हास नावाचा पाट उकरायला लागले. कित्येक वर्षं तो कोरडा होता, झाडझाडोऱ्यात हरवलेला. कुदळ-फावडी घेऊन त्यांनी तो मोकळा केला, फुटक्या कडा बांधल्या आणि पाणी सोडलं. त्यानंतर अशाच पद्धतीने इतरही पाट मोकळे झाले. कुठे किती उतार द्यायचा आणि कुठे पाणी मुद्दाम सोडून द्यायचं, हे दाखवायला पुन्हा गावातल्या म्हाताऱ्यांनाच वर न्यावं लागलं.